गेम उघडतच नाही: डबल क्लिकनंतर नेमकं कुठे अडतं ते आधी पाहा

डबल क्लिक केलं, कर्सरशेजारचं निळं वर्तुळ दोन सेकंद फिरलं आणि थांबलं. खिडकी नाही, एरर नाही, आवाज नाही. स्टीमवर असाल तर हिरवं ‘प्ले’ बटण क्षणभर निळं ‘स्टॉप’ होतं आणि पुन्हा हिरवं.

यावर मिळणारे सल्ले सगळ्यांना पाठ आहेत: ड्रायव्हर अपडेट कर, अ‍ॅडमिन म्हणून चालव, अँटीव्हायरस बंद कर, नाहीच जमलं तर विंडोज नव्याने टाक. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या बिघाडावर खरोखर लागू पडतो. पण तुमचा बिघाड तोच आहे का, हे कुणी विचारत नाही. मग ९० जीबीची गेम दुसऱ्यांदा उतरवून होते, महिन्याचा डेटा संपतो आणि वर्तुळ पुन्हा दोन सेकंदच फिरतं.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. फाइलींची नावं आणि कोड उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत, स्क्रीनवर ते रोमन लिपीत दिसतील.

गेम नेमकी कधी मरते?

सगळ्यात आधी ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नव्हे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं तेव्हा शट डाउन केल्यावर सिस्टमचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. काल अडकलेला ड्रायव्हर आज अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये हे होत नाही.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’ टॅबवर जा, यादी नावाप्रमाणे लावा आणि ती डोळ्यांसमोर ठेवून गेम चालू करा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

गेमचं नाव यादीत येतच नसेल, तर गोष्ट गेमपर्यंत पोचलेलीच नाही. लाँचर (स्टीम, एपिक यांसारखा गेम चालू करणारा प्रोग्राम), अँटीव्हायरस किंवा अँटी-चीटने (लबाडीने खेळणाऱ्यांना रोखणाऱ्या प्रोग्रामने) तिला दारातच अडवलं आहे, किंवा मूळ एक्झी फाइलच (जी चालवली की गेम सुरू होते ती) जागेवर नाही.

नाव येतं, मेमरी शे-दोनशे एमबीपर्यंत चढते आणि दहाएक सेकंदांत नाव गायब होतं, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. गेम चालू झाली, तिला हवं ते मिळालं नाही आणि ती पडली. या लेखाचा मोठा भाग याच प्रकारावर आहे.

नाव येतं आणि तिथेच बसून राहतं, सीपीयूचा आकडा शून्यावर, तर गेम मेलेली नाही, कशाची तरी वाट बघते आहे. पुष्कळदा कालचीच प्रत मागे लटकलेली असते आणि नवी प्रत ‘मी आधीच चालू आहे’ असं समजून परत फिरते. ‘एंड टास्क’ करा आणि पुन्हा चालवा. दुसरी शक्यता अशी की खिडकी उघडली आहे, पण काढून टाकलेल्या दुसऱ्या मॉनिटरवर किंवा टीव्हीवर. गेम निवडलेली असताना विंडोजचं बटण आणि पी दाबा आणि ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा.

एक सावधगिरी. अनरियल इंजिन (गेम बनवण्याचं एक तयार साधन) वापरून केलेल्या गेममध्ये बाहेरच्या फोल्डरमध्ये दिसणारी एक्झी म्हणजे नुसता दारवान. ती जेमतेम काही शे केबींची असते. खरी गेम आत ‘बायनरीज’ आणि त्याखालच्या ‘विन६४’ फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी ‘शिपिंग’ असलेली. टास्क मॅनेजरमध्ये नजर या दुसरीवर ठेवायची. पुढे ग्राफिक्स कार्ड नेमून देतानाही हिचीच निवड करायची.

विंडोजने लिहून ठेवलेली नोंद वाचा

गेम पडली की विंडोज बहुधा पंचनामा करून ठेवते. स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘अ‍ॅप्लिकेशन’. गेम पडली त्या मिनिटाची, लाल खुणेची, ‘अ‍ॅप्लिकेशन एरर’ नावाची आणि १००० क्रमांकाची नोंद शोधा. तिच्यात कामाच्या ओळी दोनच: ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’ आणि ‘एक्सेप्शन कोड’. बाकीचे लांबलचक आकडे सोडून द्या.

मॉड्यूल म्हणजे कोसळताना ज्या फाइलीतला कोड चालू होता ती फाइल. नाव ‘एनव्ही’ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ ‘एनव्हीडब्ल्यूजीएफ२यूएमएक्स’, तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर. ‘एटीआय’ किंवा ‘एएमडी’ने सुरू होत असेल तर एएमडीचा, ‘आयजीडी’ने सुरू होत असेल तर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सचा. हे शेवटचं नाव वेगळं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर दिसलं, तर गेम चुकीच्या चिपवर उघडते आहे हे तिथेच कळतं. ‘एनटीडीएलएल’ किंवा ‘कर्नलबेस’ असं नाव आलं तर त्यातून फारसं काही हाती लागत नाही. विंडोजच्या या दोन फाइली जवळजवळ प्रत्येक अपघाताच्या जागी हजर असतातच. त्या ‘खराब’ समजून बदलायला जाऊ नका. एखाद्या ओव्हरले प्रोग्रामची (गेमच्या वर आपली माहिती दाखवणाऱ्या), आवाजाच्या सॉफ्टवेअरची किंवा कीबोर्डचे दिवे चालवणाऱ्या उपयोजनाची फाइल दिसली तर मात्र नशीब. तो प्रोग्राम बंद करा आणि गेम चालवून बघा.

कोडच्या बाबतीत सुरुवातीचं ‘शून्य एक्स’ सोडून पुढचं वाचा.

सी००००००५ म्हणजे नको त्या मेमरीला हात लावला. हा ताप आहे, रोग नव्हे, त्यामुळे निदान मॉड्यूलच्या नावावरूनच करायचं. सी०००००७बी म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिट फाइलींची सरमिसळ. सी००००१३५ म्हणजे हवी ती डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडली नाही, आणि सी००००१४२ म्हणजे सापडली पण सुरू होऊ शकली नाही. सी०००००१डी म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा मिळाली. जुन्या प्रोसेसरवर हा कोड आला की ड्रायव्हरच्या मागे लागून उपयोग नाही.

नोंदच सापडली नाही तर गेम बहुधा कोसळलेली नाही, स्वतःहून बाहेर पडली आहे. मग तिचा स्वतःचा लॉग वाचा. अनरियलच्या गेमचा लॉग ‘अ‍ॅपडेटा’तल्या ‘लोकल’ फोल्डरमध्ये, गेमच्या नावाखाली ‘सेव्ह्ड’, मग ‘लॉग्ज’. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या गेमचा ‘लोकललो’मध्ये, कंपनीच्या नावाखाली, ‘प्लेअर डॉट लॉग’. फाइल नोटपॅडमध्ये उघडून थेट तळाशी जा. शेवटच्या वीस ओळी पुरतात.

आणि लाँचर बाजूला ठेवून एकदा गेमच्या फोल्डरमधली एक्झी थेट चालवून पाहा. लाँचर पुष्कळदा विंडोजचा संदेश गिळून टाकतो. थेट चालवलं की ‘अमुक डीएलएल सापडली नाही’ ही खिडकी समोर येते आणि अर्धं काम होतं.

डीएलएल सापडत नाही म्हणते तेव्हा

‘एमएसव्हीसीपी१४०’ आणि ‘व्हीसीरनटाइम१४०’ ही नावं मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रनटाइमची. गेम ज्या भाषेत लिहिली जाते तिची रोजच्या वापरातली अवजारं त्यात असतात आणि ती गेमबरोबर न देता सगळ्या प्रोग्राम्ससाठी एकदाच बसवली जातात. २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्या एकाच पॅकेजमध्ये येतात, पण ते पॅकेज दोन रूपांत आहे: एक्स८६ आणि एक्स६४. विंडोज ६४ बिट असली तरी दोन्ही बसवायची, कारण गेम ६४ बिटची पण तिचा लाँचर ३२ बिटचा, असं सर्रास असतं. दोन्ही मिळून पन्नास एमबीसुद्धा नाहीत. ‘व्हीसीरनटाइम१४०_१’ ही फाइल नंतरच्या आवृत्त्यांत आली. त्यामुळे तेवढीच सापडत नसेल तर पॅकेज आहे, पण जुनं आहे. जुनं काढून नवं बसवा. २०१०, २०१२ आणि २०१३ ची पॅकेजेस मात्र वेगळीच. त्यांची जागा नवं पॅकेज घेत नाही.

‘डी३डीएक्स९_४३’, ‘एक्सइनपुट१_३’, ‘एक्स३डीऑडिओ१_७’ ही नावं जुन्या डायरेक्टएक्सची, म्हणजे गेमला ग्राफिक्स आणि आवाज पुरवणाऱ्या विंडोजच्या भागाची. विंडोज १० आणि ११ मध्ये डायरेक्टएक्स १२ असतं, म्हणून ९ ची सगळी जोडणीही असेल असं वाटतं. ती नसते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स पॅकेज लागतं, सुमारे ९५ एमबीचं. ते चालवलं की आधी एक फोल्डर विचारतं आणि शंभराहून अधिक फाइली तिथे मोकळ्या करून गप्प बसतं. झालं, बसलं, असं समजून बरेच जण इथेच थांबतात. काहीही बसलेलं नसतं. त्या फोल्डरमधली ‘डीएक्ससेटअप’ वेगळी चालवावी लागते.

नेट न वापरताही काम होऊ शकतं. स्टीमच्या अनेक गेमच्या फोल्डरमध्ये ‘कॉमनरीडिस्ट’ नावाचा फोल्डर असतो; नसेल तर स्टीमच्या ‘कॉमन’ फोल्डरमधल्या ‘स्टीमवर्क्स शेअर्ड’मध्ये बघा. गेमला हव्या त्याच आवृत्तीचे इन्स्टॉलर तिथे आधीच ठेवलेले असतात.

सुटी डीएलएल फुकट देणाऱ्या साइट्सच्या वाटेला जाऊ नका. व्हायरसचा धोका आहेच, पण फाइल स्वच्छ निघाली तरी फटका बसतो. विंडोजमध्ये ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये ६४ बिट फाइली असतात आणि ३२ बिट फाइली ‘सिसवाउ६४’मध्ये. नावं उलटी वाटतात, पण रचना तशीच आहे. माणूस ३२ बिट फाइल आणतो, नाव बघून ‘सिस्टम३२’मध्ये टाकतो, आणि आधी नुसता ‘फाइल सापडत नाही’ असा साधा संदेश होता तिथे आता सी०००००७बी येतो, तोही एका नव्हे, चार गेमना. असं झालं असेल तर टाकलेली फाइल काढा आणि वरची पॅकेजेस ‘रिपेअर’ पर्यायाने पुन्हा चालवा.

‘एमएफप्लॅट’ सापडत नसेल तर तुमची विंडोज ‘एन’ आवृत्तीची आहे, तिच्यात मीडियाचे भाग नसतात. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘मीडिया फीचर पॅक’ घ्या आणि रीस्टार्ट करा.

युजरचं नाव मराठीत असेल तर

हा प्रकार परदेशी मदत-पानांवर क्वचितच सापडतो आणि आपल्याकडे मात्र होतो. लॅपटॉप नवा असताना लोकल अकाउंट तयार केलं, नाव हौसेने देवनागरीत लिहिलं. विंडोजला त्यात काहीच अडचण नाही. पण युजरचा फोल्डरही त्याच नावाने तयार होतो, आणि गेमची सेटिंग्ज, सेव्ह आणि तात्पुरत्या फाइली त्याच फोल्डरच्या पोटात जातात.

जुन्या पद्धतीने लिहिलेल्या गेम आणि लाँचर फाइलचा पत्ता युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या एकत्र अक्षरसंचात) न मागता सिस्टमच्या जुन्या अक्षरसंचात मागतात. जपानी, रशियन अशा भाषांना विंडोजमध्ये असा स्वतःचा जुना संच आहे. मराठी आणि हिंदीला तो नाही, या भाषा विंडोजमध्ये थेट युनिकोडमधूनच आल्या. त्यामुळे पत्त्यातल्या देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि प्रश्नचिन्ह तर विंडोज फाइलच्या नावात मुळी चालवूनच घेत नाही. गेमला स्वतःचा फोल्डर सापडत नाही, ती एक शब्द न बोलता बंद होते. दुसरी गेम मात्र मजेत चालते, म्हणून संशय इकडे वळत नाही.

तपासणं सोपं आहे. सी ड्राइव्हमधला ‘युजर्स’ फोल्डर उघडा आणि तुमच्या फोल्डरचं नाव कोणत्या लिपीत आहे ते बघा. सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंटचं नाव रोमनमध्ये बदललं तरी फोल्डरचं नाव बदलत नाही, ते अकाउंट तयार होताना एकदाच ठरतं. तो फोल्डर हाताने ‘रीनेम’ करू नका, रजिस्ट्रीतले शेकडो पत्ते तुटतात. रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता नाव देऊन दुसरं लोकल अकाउंट तयार करा, त्यात शिरून गेम चालवा. चालली तर कारण सापडलं. पुढे गेमपुरतं तेच अकाउंट वापरा किंवा सगळा कारभार तिकडे हलवा.

‘रीजन’च्या जुन्या खिडकीत ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ टॅबखाली ‘चेंज सिस्टम लोकेल’मध्ये यूटीएफ-८ वापरण्याचा बीटा पर्याय आहे. त्यानेही काही गेम सुरू होतात. पण काही जुने प्रोग्राम त्यानंतर अक्षरं वेडीवाकडी दाखवतात, म्हणून तो दुसऱ्या क्रमांकावर. आणि गेम उतरवण्यासाठी डी ड्राइव्हवर ‘खेळ’ नावाचा फोल्डर केला असेल तर तोही रोमनमध्ये करा, हे काम दोन मिनिटांचं.

ग्राफिक्स कार्ड

विंडोजचं ‘डीएक्सडायग’ हे तपासणीचं साधन चालवलं की पहिल्याच पानावर ‘डायरेक्टएक्स १२’ लिहिलेलं दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. तो आकडा विंडोजचा आहे, कार्डाचा नाही. कार्डाची खरी लायकी ‘डिस्प्ले’ टॅबमध्ये, ‘फीचर लेव्हल्स’ या ओळीत कळते. तिथे १२_२ नसेल तर कार्ड डायरेक्टएक्स १२ अल्टिमेटचं नाही. ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’सारख्या गेमला तेच लागतं. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ यांना कार्डात रे ट्रेसिंगची (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याची) सोय लागते. बजेट लॅपटॉपमध्ये भरभरून विकलं गेलेलं जीटीएक्स १६५० इथे कमी पडतं, आणि कुठलाही ड्रायव्हर ते भरून काढणार नाही. रिफंडची मुदत असेल तोवर पैसे परत घ्या; स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळणं, असा हिशेब असतो.

कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ दिसलं तर ड्रायव्हर बसलेलाच नाही. डेस्कटॉपवर कार्ड असूनही इंटेलचं नाव दिसलं तर मान वाकवून मागे बघा: मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये आहे. लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन ती खरी, आतली एक्झी जोडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

सेकंडहँड कार्ड स्वस्तात मिळालं असेल तर आणखी एक शंका घ्यायला हवी. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय कार्डाचं बायोस (चिपमध्ये साठवलेला मूळ प्रोग्राम) बदलून त्याला ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकण्याचा उद्योग जगभर चालतो. विंडोजमध्ये नाव नवं दिसतं, ड्रायव्हर बसत नाही किंवा गेम उघडत नाही. ‘जीपीयू-झेड’ हे फुकट साधन अशा कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ लिहून दाखवतं. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर असतात, त्या जुन्या दोघांत १९२. आणि १०५० टीआयच्या पिढीच्या चिपमधून अ‍ॅनालॉग व्हीजीए निघतच नाही, तेव्हा निळं व्हीजीए सॉकेट दिसलं की तिथेच काय ते समजा.

ड्रायव्हरवर संशय पक्का असेल तर नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा, नेट तोडा, सेफ मोडमध्ये जा, ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुना मुळापासून काढा, साध्या मोडमध्ये येऊन नवा बसवा आणि मग नेट जोडा. नेट तोडायचं कारण असं की जुना ड्रायव्हर निघाला रे निघाला की विंडोज अपडेट आपल्याकडचा कुठला तरी ड्रायव्हर आणून बसवतं आणि दोघांची सरमिसळ होते.

‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणते, पण मेमरी तर भरपूर आहे

१२ किंवा १६ जीबीचं कार्ड, आणि अनरियल इंजिनची गेम शेडर (कार्डाला चित्र कसं काढायचं ते सांगणारे छोटे प्रोग्राम) तयार करताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणून पडते. प्रोसेसर इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा, डेस्कटॉपचा, आय७ किंवा आय९ असेल तर कार्डाकडे बघूच नका. दोष बहुधा प्रोसेसरमध्ये आहे. शेडर मोकळे करताना प्रोसेसर गणित चुकतो, चुकीचा आकडा कार्डाकडे जातो आणि गेम मेमरीच्या नावाने ओरडते.

या पिढ्यांचे ६५ वॅट आणि त्यावरचे प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू झिजतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्टमध्ये ‘१२९’ आणि सप्टेंबरमध्ये ‘१२बी’ या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) व्होल्टेज आवरलं. ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतं, म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून ताजं बायोस घ्या. पण झालेली झीज बायोसने भरून येत नाही. पडताळा असा घ्या: इंटेलच्या ‘एक्सटीयू’ साधनात परफॉर्मन्स कोअरचा गुणक ५५ वरून ५३ करा. गेम उघडली तर चिप झिजली आहे. गुणक कमी ठेवून दिवस काढण्यापेक्षा बदलून मागा. या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे, बिल शोधून ठेवा.

हाच संदेश दुसऱ्या प्रोसेसरवर आला तर पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) बघा. एसएसडी वाचवायची म्हणून ती बंद करण्याचा सल्ला जुना आहे आणि वाईट आहे. व्हर्च्युअल मेमरीच्या खिडकीत ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर खूण परत करा आणि सी ड्राइव्हवर २०-३० जीबी मोकळी जागा ठेवा.

सी०००००१डी हा कोड आठवतो? तो इथलाच. पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या बऱ्याच चिपमध्ये एव्हीएक्स नावाच्या जलद गणिताच्या आज्ञा नसतात, अगदी दहाव्या पिढीच्या पेंटियम गोल्डमध्येही. गेमला त्या लागत असतील तर ती उघडणार नाही, आणि सेटिंग बदलून काहीही होणार नाही.

अँटी-चीट आणि सिक्युअर बूट

विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’चा व्हॅन ९००१ किंवा ९००३ हा एरर, आणि ‘बॅटलफील्ड ६’चं न उघडणं, यांचं मूळ एकच: सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) किंवा टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) बंद आहे. ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’ या दोन ओळी वाचा. मोड ‘यूईएफआय’ असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट चालू करा. टीपीएम इंटेलवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडेल.

मोड ‘लेगसी’ असेल तर थांबा. आता सीएसएम (बायोसमधली जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद केलं तर विंडोज उठणारच नाही, कारण डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. क्रम असा:

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा आणि बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा.
२. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमबीआर२जीपीटी’ ही आज्ञा ‘व्हॅलिडेट’ आणि ‘अलाउफुलओएस’ या जोडांसह चालवा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर इथेच नकार मिळतो.
३. तपासणी यशस्वी झाली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ घालून चालवा.
४. मग बायोसमध्ये सीएसएम बंद करा, विंडोज उठते का बघा, आणि त्यानंतरच सिक्युअर बूट चालू करा.

तिसरी आणि चौथी पायरी उलटसुलट केल्यामुळे गेमऐवजी अख्खा कॉम्प्युटरच उघडेनासा झाला, अशा तक्रारी नेहमी येतात. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की बहुधा विंडोज उठते.

फार जुनी गेम

डीव्हीडीवरची २००० च्या दशकातली गेम असेल आणि तिला सेफडिस्कचं (डिस्कची नक्कल रोखणारं) कुलूप असेल, तर विंडोज १० पासून ते कुलूप उघडणारा ड्रायव्हरच मायक्रोसॉफ्टने काढून टाकला आहे. सुरक्षेतलं भोक होतं ते. अस्सल डिस्क घालूनही गेम चालणार नाही. तीच गेम ‘जीओजी’वर किंवा स्टीमवर असेल तर तिथून घ्या. काही गेमना ‘डायरेक्टप्ले’ लागतं, ते ‘विंडोज फीचर्स’मध्ये ‘लेगसी कम्पोनंट्स’खाली चालू करता येतं.

बरी झालेली गेम महिन्याने पुन्हा आजारी पडते तेव्हा

उपाय बरोबर असतो, पण कुणीतरी तो मागून पुसून टाकतं. बहुतेक वेळा हे चौघांपैकी एकाचं काम.

विंडोज डिफेंडर एखादी फाइल क्वारंटाइन करतं, तुम्ही लाँचरमध्ये ‘व्हेरिफाय’ (फाइलींची तपासणी) करून ती परत आणता, ते पुन्हा उचलतं. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त तारखेसह दिसेल. गेमचा एकच फोल्डर ‘एक्स्क्लूजन’मध्ये घाला, अख्खा ड्राइव्ह नको, आणि हे फक्त विकत घेतलेल्या गेमसाठी. क्रॅक केलेल्या प्रतीत डिफेंडर काय पकडतंय याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. शेजारीच ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल तर गेमला डॉक्युमेंट्समध्ये लिहिता येत नाही आणि काही गेम त्यावरूनच बंद होतात. तिथल्या परवानगीच्या यादीत एक्झी घाला.

वनड्राइव्ह दुसरं. ते डॉक्युमेंट्सचा फोल्डर आपल्याकडे ओढून घेतं आणि जागा वाचवायला जुन्या फाइली फक्त ढगात ठेवतं. फाइलशेजारी ढगाचं चिन्ह दिसलं तर ‘माय गेम्स’ फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा.

तिसरी गेमची स्वतःची सेटिंग फाइल. टीव्हीला जोडून ४के वर खेळलात, मग टीव्ही काढला. गेम तेच रिझोल्यूशन मागत पडते. सेव्हची प्रत बाजूला ठेवून सेटिंगची फाइल दुसऱ्या नावाने ठेवा, गेम नवी फाइल करून घेईल. अनरियलच्या गेममध्ये तिचं नाव बहुधा ‘गेमयूजरसेटिंग्ज’.

चौथं कारण भिंतीतून येतं. अपडेट चालू असताना वीज गेली की अर्ध्या लिहिलेल्या फाइली तशाच राहतात. गेम पुन्हा उतरवू नका. स्टीमवर गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ आणि तिथे ‘व्हेरिफाय’. एपिकवर तीन टिंबांखाली ‘मॅनेज’ आणि ‘व्हेरिफाय’. ९० जीबीपैकी बिघडलेला भागच उतरतो, कधी कधी काही एमबी. दर वेळी नव्या फाइली बिघडलेल्या निघत असतील तर डिस्कची किंवा रॅमची तब्येत बघा. एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) बंद करून पुन्हा ‘व्हेरिफाय’ करा, आणि तेव्हा सगळ्या फाइली नीट निघाल्या तर दोष रॅमच्या वेगात आहे.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर ‘गेम चालत नाही’ असं लिहू नका. १००० क्रमांकाच्या नोंदीतल्या त्या दोन ओळी, गेमच्या लॉगच्या शेवटच्या वीस ओळी आणि ‘डीएक्सडायग’मधून ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’ने निघणारी टेक्स्ट फाइल द्या. त्या फाइलीत वरच्या बाजूला तुमच्या मशीनचं नाव असतं, टाकण्याआधी ते खोडा.